दात खाणाऱ्या मैत्रिणीस

नौपाडा, ठाणे
१८ जून

प्रिय नीलू,

परवा फोनवर चार वाक्यं बोललीस आणि "बास गं, जबडा भरून आला" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. यात तुला नुसतं वाचायचंय, तोंड उघडायचं नाही. शाळेपासूनच्या चाळीस वर्षांत तुझ्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली असेल!

कान ठणकतोय, तरी कान स्वच्छ आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू जास्तच घाबरलीस, ते आवाजावरून कळलं. गेल्या वर्षी माझंही अगदी असंच झालं होतं. मार्चअखेर, वागळे इस्टेटमधलं ऑफिस, ताळेबंद जुळत नाही आणि उजव्या कानात ठणका. एका डॉक्टरांनी दोनदा थेंब दिले. ठणका तिथेच. शेवटी दात साफ करायला गेले, तर दंतवैद्य बाई दाढांकडे बघून म्हणाल्या, "रात्री दात खाता का हो?" मी म्हटलं, छे! घरी येऊन ह्यांना विचारलं, तर म्हणे, "खातेस की. करकर आवाज येतो." सव्वीस वर्षं शेजारी झोपणारा माणूस, आणि हे आत्ता सांगतोय. आपल्या लहानपणी कुणी दात खाल्ले की आजी जंताचं औषध पाजायची, आठवतं? माझे जंत बहुधा ताळेबंदात होते.

आता एक कर. कानाच्या अगदी पुढे बोट ठेव आणि तोंड हळू उघड-मीट कर. बोटाखाली हलतं ते जबड्याचं बिजागर. कानाला इतकं लागून आहे की दुखणं कानातलंच वाटतं. तुझा तो 'कट्' आवाज बहुतेक आतली मऊ चकती जराशी सरकल्याचा असेल. नुसता आवाज असेल, दुखत किंवा अडकत नसेल, तर त्याच्या मागे लागायचं नाही, असं बाईंनी मला बजावलं होतं. खरा दुखरा असतो तो चावण्याचा स्नायू, मॅसेटर. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो. दात आवळलेस की गालात टचकन फुगतो तोच. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. संध्याकाळी तुझं डोकं धरतं ना, त्यात याचाही हात असू शकतो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळंच. एरवी वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागायचेच नसतात! चावताना, गिळताना लागतात तेवढेच. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ 'न' म्हणताना टेकते तिथे, वरच्या दातांच्या किंचित मागे. मी मात्र तीन हात नाक्याच्या सिग्नलला, ईमेल लिहिताना, अगदी सुईत दोरा ओवतानाही दात आवळून बसलेली असायचे. मग मॉनिटरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवली. दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी जितक्या वेळा बघितली, तितक्या वेळा दात आवळलेलेच होते. मलाच लाज वाटली.

मसाज सोपा आहे, पण घाई नको. आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात नॅपकिन पिळून दहा-पंधरा मिनिटं गालावर धर. मग बोटांना थेंबभर खोबरेल लाव. एकदा दात आवळून स्नायू शोध, लगेच सोड आणि तोंड किंचित उघडं ठेव. दोन बोटांच्या पेरांनी दुखऱ्या जागी लहान गोल फिरव, तिथेच थांबून दोन-चार सावकाश श्वास घे, मग गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटं हळू ओढत आण. नंतर कानशिलं. दाब किती, तर बाजारात आंबा पिकलाय का ते चाचपतेस तेवढा. मी पहिल्या दिवशी कणीक तिंबावी तशा मुठी चालवल्या आणि दुसऱ्या दिवशी पोहेसुद्धा चाववेनात. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, पुरे. सवय झाली की स्वच्छ हाताने अंगठा गालाच्या आतून आणि बोटं बाहेरून ठेवून तो स्नायू हलकेच चिमटीत धरायचा. मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. नखं मात्र काप.

आणि तो फोन खांदा नि कानाच्या मध्ये दाबून पोळ्या लाटणं बंद कर. मानेचा ताण जबड्यापर्यंत येतो.

सध्या कडक भाकरी, चिक्की, ऊस, चिंगम, सुपारी नको. वडापावचा आ वासून घास घ्यायचा नाही, तुकडे करून खायचा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धर. कंदी पेढे चालतील, साताऱ्यात राहून तेवढं तरी सुख हवंच.

मसाजने रात्रीचं दात खाणं थांबत नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्यासाठी दंतवैद्याकडून मापाचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, करून घेतला. तो घातला की मी बॉक्सरसारखी दिसते, पण दाढा झिजायच्या वाचतात. तुझ्या तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील, जबडा अडकत असेल, सूज किंवा ताप असेल, तर मसाज करत बसू नकोस, सरळ दाखव. आणि अजिंक्यतारा चढताना जबडा दुखू लागला, सोबत छातीवर दडपण, घाम आला, तर ते दुखणं जबड्याचं समजू नकोस. तेव्हा थेट हॉस्पिटल.

मी पूर्ण बरी झाले असं नाही. यंदाच्या मार्चमध्ये आठवडाभर पुन्हा ठणकलं. फक्त आता कळतं, कशाने ते. तुझं मला न सांगताही कळतंय. घराच्या वाटणीचं निघाल्यापासून तू दात-ओठ खाऊन गप्प बसतेस. भांड असं मी म्हणत नाही, पण गप्प बसायचंच असेल तर निदान दात सुटे ठेवून बस.

सोबत टिकल्यांचं पाकीट पाठवतेय. एक ओट्यावरच्या फरशीवर लाव, एक फोनच्या मागे, एक आरशावर. जाऊबाईंच्या कपाळावर आहेच एक. ती दिसली की आधी जबडा सोड, मग बोल.

तुझी,
मंगल