तक्त्यातल्या लाल शाईबद्दल बाईंचे आभार

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) या कादंबरीवरचा तक्ता तुम्ही लाल पेनाने भरून परत पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. नववीच्या वाचनवर्गात आता तोच भिंतीवर आहे.

कादंबरीतल्या काटेकोर नियमांच्या समाजात दर डिसेंबरात एकेका वयाच्या मुलांचा समारंभ होतो. आम्ही त्या समारंभांची नुसती शिडी काढली होती. चार ते सहा वर्षांच्या मुलांचं जॅकेट पाठीवर बंद होतं, म्हणजे दुसऱ्याची मदत घ्यावीच लागते. सातव्या वर्षी बटणं पुढे येतात. आठव्या वर्षी पहिल्यांदा खिसे मिळतात, पण कुशीत घेऊन झोपायचं खेळणं जातं. मग नवव्याला सायकल, दहाव्याला केस कापणं, बाराव्याला नेमून दिलेलं काम. प्रत्येक ओळीपुढे तुम्ही विचारलंत, ‘हे कोण ठरवतं?’ दर वेळी उत्तर एकच, कॅलेंडर. अख्खी तुकडी एकाच समारंभात मोठी होते.

सकाळी घरात स्वप्नं सांगायची प्रथा आम्ही ‘कौटुंबिक जिव्हाळा’ या रकान्यात टाकली होती. ती उचलून तुम्ही शिडीशेजारी ठेवलीत आणि सगळा उलगडा झाला. शरीर काही डिसेंबरची वाट बघत नाही. ते कधी जागं होतंय हे वेळेत कळावं, यासाठी स्वप्नांची ही रोजची हजेरी. कादंबरीचा नायक जोनस अजून अकराचाच असतो. स्वप्नात जाणवलेली ओढ तो सांगतो; आई त्याला मागे थांबवते, ती ओढ दाबणारी एक छोटी गोळी देते. कुणी रागावत नाही, आणि हेच जास्त भयंकर. गोळी मग रोज, थेट वृद्धगृहात जाईपर्यंत. त्याची सात वर्षांची बहीण लिली आईची सायकल चालवल्याचं स्वप्न सांगते, तर त्यातूनही घरचे ताकीदच काढतात. सायकल नवव्या वर्षी ना!

वयात येतानाच्या या ओढीला कादंबरीत ‘स्टरिंग्ज’ म्हणतात. त्याला आम्ही ‘वासना’ लिहिलं होतं. तुम्ही खोडून ‘चाळवणं’ केलंत. शब्द फार नेमका बसला.

सर्वांत मोठी चूक तुम्ही वर्गाआधीच अडवलीत. मुलांना गोल बसवून आपापली स्वप्नं सांगायला लावायची, असा आमचा बेत होता. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणत आपल्याकडे लोक हौसेने स्वप्न सांगतात, पण लपवायची मुभा असते. वर्गात ती मुभा गेली की आपणच तो विधी करतोय, हे तुमचं म्हणणं. आता प्रत्येक मूल कादंबरीतल्या एखाद्या पात्रासाठी स्वप्न रचतं, चार ओळींत, आणि उरलेले त्यातलं काय पकडलं जाईल ते सांगतात.

बाराव्या वर्षी जोनसला समाजाच्या आठवणी सांभाळायचं काम मिळतं; त्याच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या आठ नियमांतली गल्लतही सुटली. पाचव्याने स्वप्न सांगणं बंद होतं, सहाव्याने प्रशिक्षणातल्या दुखण्यावर औषध मागणं. म्हणून गोळी थांबली असं मुलं धरून चालतात. पण गोळीचा प्रशिक्षणाशी संबंध नाही, ती चालूच राहते. पुढे तो ती स्वतःहून टाकतो. कुठल्याच समारंभाने न दिलेली ही पायरी आम्ही शिडीबाहेर, हिरव्या शाईत काढली आहे.

सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे. हिरव्या ओळीची जागा बरोबर वाटते का, तेवढं कळवावं.

लोभ असावा.

आपले,
वाचनवर्गाचे शिक्षक