बुटीबोरी तीस किलोमीटरवर, तरी अ‍ॅसिड जातं कचऱ्याच्या गाडीत

संपादक साहेब, नमस्कार.

मी एकतीस वर्षं नागपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब अटेंडंट होतो, आता रिटायर झालो. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण लॅबमधली जुनी केमिकलं कचऱ्यात आणि बेसिनमध्ये जाणं ही एकाच कॉलेजची गोष्ट नाही.

इन्स्पेक्शनची टीम येणार म्हणून आम्हाला कपाटं रिकामी करायला सांगितलं. मागच्या रांगेत जुन्या बाटल्या, लेबलं वाफेनं खाऊन टाकलेली, कशात काय आहे कोणालाच सांगता येईना. सगळं पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलं. सकाळी झाडूवाल्या मावशींनी ते पोतं गाडीत टाकायला उचललं आणि आतली एक बाटली फुटलेली. नायट्रिक अ‍ॅसिड होतं. मला लगेच कळलं कारण त्यांची बोटं हळद लावल्यासारखी पिवळी झाली होती, नायट्रिक चामडीवर पडलं की तसाच रंग येतो. वीस मिनिटं नळाखाली हात धरून बसवलं त्यांना, मग दवाखान्यात नेलं. हात वाचला पण दोन बोटं आजही नीट वळत नाहीत. ते पोतं मी बांधलं होतं साहेब, हे मला अजून झोंबते.

आणि सिंकचं तर विचारूच नका. काचेची भांडी धुवायचं ते नारिंगी क्रोमिक अ‍ॅसिड आम्ही वर्षानुवर्षं बेसिनमध्ये ओतलं, वरून नळ सोडला की झालं. पण पाणी टाकल्यानं क्रोमियम नाहीसं होत नाही ना, फक्त पातळ होते. सांडपाण्याच्या प्लांटमधले जिवाणू घाण खातात, धातू खात नाहीत, ते गाळात तरी बसते नाहीतर पाण्यासोबत पुढे जाते. जे नाग नदीत गेलं ते पिवळी नदीसोबत कन्हानला, तिथून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या धरणात, म्हणजे आपण ओतून राहिलो नागपुरात आणि भोगून राहिले भंडाऱ्याकडचे लोक. पाणी किती घाण आहे हे तपासायची सीओडी टेस्ट घ्या, तिच्यात डायक्रोमेट म्हणजे क्रोमियमच लागते आणि पाऱ्याचं सल्फेटही, म्हणजे ते उरलेलं वेगळ्या कॅनमध्ये जमा केलंच पाहिजे.

सगळं एकाच कॅनमध्ये ओतणंही तेवढंच धोक्याचं. नायट्रिकच्या कॅनमध्ये अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट गेलं आणि झाकण घट्ट लावलं तर आत गॅस होऊन कॅन फुटतो. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन सुटतो, हे तर बाथरूम धुणाऱ्यांनाही माहीत पाहिजे.

आता कायदा नाही असं नाही. 2016 चे घातक कचऱ्याचे नियम आहेत, ज्याच्याकडे कचरा तयार झाला जबाबदारी त्याची, साधारण 90 दिवसांच्या वर साठवून ठेवायचा नाही, कॅनवर लेबल पाहिजे, परवानगी असलेल्याकडेच द्यायचा. विदर्भाच्या घातक कचऱ्यासाठी बुटीबोरीला वेगळी व्यवस्थाही आहे, शहरापासून तीसेक किलोमीटर. मग अडते कुठे? कारखान्याचा कचरा टनात असतो, त्यांना गाडी परवडते. कॉलेजकडे, छोट्या पॅथॉलॉजी लॅबकडे, हिंगण्याच्या छोट्या प्लेटिंगवाल्याकडे सहा महिन्यात दहा-वीस लिटर जमा होणार, त्याच्यासाठी वेगळी गाडी कोण बोलावणार, खर्च कोणत्या हेडमध्ये टाकणार, म्हणून प्रिन्सिपॉल साहेब म्हणतात ठेवा कोपऱ्यात, आणि कोपरा भरला की पोतं.

माझी प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका आणि विद्यापीठ तिघांनाही हात जोडून विनंती आहे की वर्षातून दोनदा तारीख ठरवून एकच परवानगीवाली गाडी सगळ्या कॉलेजांत आणि छोट्या लॅबमध्ये फिरवा, खर्च वाटून घ्या. अ‍ॅसिड वेगळं, अ‍ॅसिटोन-स्पिरिटसारखं सॉल्व्हंट वेगळं, पारा-क्रोमियम वेगळं, एवढं तरी प्रत्येक लॅबनं आजपासून सुरू करावं, आणि लेबल पेन्सिलनं लिहावं, शाई वाफेनं उडते, पेन्सिल राहते. जुन्या बाटल्यांची यादी करायला, कोणती कोणाजवळ ठेवायची नाही ते दाखवायला मी कोणत्याही कॉलेजात फुकट यायला तयार आहे, माझ्यासोबतचे दोघं रिटायर अटेंडंटही येतो म्हणाले.

आपला,
एक रिटायर लॅब अटेंडंट, नागपूर