न्यूटन ॲबट स्टेशनबाहेर भेटलेल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, हा आमचा पहिला गाढवपणा. म्हणून हे असं जाहीर लिहितेय. इंग्लंडच्या या डेव्हनमध्ये मराठी माणसं काही ढिगानं नसतील, कुणीतरी ओळखेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. खूण सांगते: सप्टेंबरातला शनिवार, चुकलेली बस आणि "हिला सांगत होतो, आधीची ट्रेन घे!" असं अख्ख्या स्टेशनला ऐकवणारे माझे पप्पा. तुम्ही गाडीची काच खाली केलीत आणि विचारलंत, "कुठं जायचंय काका?"

जायचं होतं बकफास्टच्या मठात. वसईत एका फादरांनी पप्पांच्या डोक्यात भरवून दिलं होतं की तिथलं चर्च संन्याशांनी स्वतःच्या हातांनी बांधलंय. मग लंडन नको, राजवाडा नको, तेवढंच दाखव. तुम्ही ड्यूटी संपवून घरी निघाला होतात, हे आम्हाला नंतर कळलं. नाइट करून आलेल्या बाईनं आम्हाला नेलं, चार तास थांबली आणि परत स्टेशनला सोडलं. त्याचे आभार मानायचेच आहेत. पण खरे आभार गाडीतल्या एका प्रश्नाचे आहेत.

"काका, तुम्ही काय करायचात?" असं तुम्ही विचारलंत. सवयीनं मीच उत्तर दिलं, "कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होते." कॉलेजपासून हेच सांगत आलेय. तुम्ही आरशात बघत म्हणालात, "म्हणजे गवंडी का हो? माझा मामा गवंडी." पप्पा म्हणाले, "हो. दगडकाम." आणि मग बकफास्ट येईपर्यंत थांबले नाहीत. काळा दगड कुठल्या अंगानं फुटतो, दगड घडवायची टाकी कशी धरायची, चुना किती दिवस मुरवायचा.

ताई, बांधकामाच्या परांचीवरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं त्याला सोळा वर्षं झाली. कंत्राटदारानं दवाखान्याचं बिलसुद्धा दिलं नाही. तेव्हापासून घरात दगडाचा विषय कुणी काढत नाही. आपण त्यांना जपतोय, असंच आम्हाला वाटायचं.

चर्चमध्ये ते माहिती सांगणारे आजोबा बोलत होते आणि तुम्ही मराठीत करून देत होतात. हे काम खरं माझं होतं. मी मोबाइलवर परतीच्या गाड्या बघत होते. आणि एक सांगू? 'परांची' हा शब्द तुम्हाला पटकन सुचला, मला ऐनवेळी सुचला नसता. तिथला मूळ मठ १०१८चा, आठव्या हेन्रीच्या काळात १५३९ साली बंद पडलेला. १८८२ साली फ्रान्समधून बाहेर पडावं लागलेले बेनेडिक्टाइन पंथाचे संन्यासी तिथं आले. जुन्या बांधकामाचा पाया जमिनीखाली सापडला, आणि आजचं चर्च त्याच पायावर उभं आहे. हे ऐकून पप्पांनी नुसती मान डोलावली. जुना पाया म्हणजे निम्मं काम, असं त्यांचं मत.

मग जहाजाची गोष्ट. १९०६ साली स्पेनच्या किनाऱ्याजवळ 'सिरिओ' हे जहाज बुडालं आणि त्यात मठाधिपती बोनिफेस नॅटर गेले. सोबतचे अँस्कार व्होनियर वाचले, परत आले आणि वयाच्या ३०व्या वर्षी मठाधिपती झाले. चर्च बांधायचंच हा त्यांचा निश्चय. १९०७ला काम सुरू झालं. एकावेळी कामावर बहुतेक चार संन्यासी, कधीच सहाच्या वर नाहीत. "चार?" पप्पा म्हणाले. "चार माणसांत आमच्याकडे ओटा होत नाही!" तुम्ही हे आजोबांना इंग्रजीत कसं सांगितलंत कोण जाणे, पण ते पोट धरून हसले.

ब्रदर पीटर हे गवंडी, बाकीचे त्यांच्या हाताखाली शिकले. दगड अनघड यायचा आणि मठातच घडवायचा. लाकडी परांची दोरांनी बांधलेली, अंगावर संन्याशाचा झगा. प्रार्थनेची घंटा झाली की अवजारं खाली. पहिल्या महायुद्धातही काम थांबलं नाही. त्यांच्यातल्या जर्मन संन्याशांना मठाच्या आवाराबाहेर जायची बंदी होती, पण छावणीत धाडलं नाही. १९३२ साली चर्चचं पवित्रीकरण झालं, उरलंसुरलं १९३८पर्यंत चाललं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्होनियर गेले.

पुढचं सांगताना आजोबा जरा अडखळले, कारण पप्पांचं लंगडणं त्यांनी पाहिलं होतं. एक संन्यासी ५० फुटांवरून पडला आणि वाचला. १९३१ साली तिघे एकदम सामान वर चढवायच्या पाळण्यावरून पडले, तेही बचावले. मी तुम्हाला डोळ्यांनी 'नको' म्हणत होते. तुम्ही बघितलंत, आणि तरीही सांगितलंत. पप्पांनी एवढंच विचारलं, "परत चढले का?"

ब्रदर ॲडम तर त्यांना फारच आवडले. अकरा वर्षांचा जर्मन पोरगा १९१० साली आला, त्याला दगडकामाला लावलं, पण ते तब्येतीला झेपेना. मग १९१५ला मधमाश्यांकडे धाडलं. रोगानं मठाच्या ४६ पोळ्यांतली ३० गेली, उरलेल्यांपासून त्यानं संकर करत नवी माशी तयार केली. आज जगभर तिला बकफास्ट माशी म्हणतात. पप्पा म्हणाले, "बघ, त्याला माश्या, मला केळी." पडल्यापासून ते वाडीत केळी करतात. ही दोन कामं त्यांनी कधी अशी शेजारी ठेवलेली मी ऐकली नव्हती.

आणि तो कोपरा तुम्हाला आठवत असेलच. भिंत तिथल्या निळसर करड्या चुनखडकाची, कडांना हॅम हिलचा मधाच्या रंगाचा दगड. पप्पांनी अंगठ्याचं नख सांध्यात घालून पाहिलं, वीत लावली, मग खिशातली रोजरी, म्हणजे जपाची माळ, काढली. मला वाटलं, प्रार्थना करतायत. त्यांनी तिचं एक टोक चिमटीत धरून हात वर नेला, खाली क्रूस लोंबत ठेवला, एक डोळा मिटला. ओळंबा! भिंत सरळ उभी आहे का, ते बघत होते. मी लाजेनं इकडेतिकडे बघत होते. तुम्ही मात्र वाऱ्यानं रोजरी हलू नये म्हणून आडोशाला उभ्या राहिलात. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बरोबर आहे. चांगले मिस्तरी."

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. वर पप्पांना म्हणालात, "काका, आमच्या गावच्या घराचं जोतं खचलंय, तुम्हीच सांगा काय करायचं." परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी तिकिटाच्या मागं काहीतरी आखलं होतं. तो कागद माझ्याकडे आहे. खचलेल्या भागाखाली आधी पाण्याची वाट शोधा, सिमेंट ओतू नका, असं त्यांनी दोनदा बजावलंय.

पप्पा आता वसईला परतलेत. तुमच्यासाठी त्यांनी यंदाची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बाजूला काढून माझ्याकडे पाठवलीत, केळीच्या सोपटात बांधलेली. पत्ता कळवा. मार्चपर्यंत टिकतील.

तुमची,
मिस्तरींची मुलगी