यादीतला शेवटचा विषय घे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली संशोधन विषयांची यादी दोनदा वाचली. कर, व्यापार, शाळा, घरं, आरोग्य, पर्यावरण, मालमत्तेचे हक्क आणि अगदी तळाशी परवाने व नियमन. पहिल्या वर्षासाठी यातला एक निवडायचाय आणि तुझा ओढा व्यापाराकडे आहे, असं लिहिलंस. मुक्त बाजाराची बाजू मांडणाऱ्या संस्थेत तू जाणार हे कळलं तेव्हा मला जरा जड गेलं होतं. परवाने देणाऱ्या कचेरीत मी ३१ वर्षं काढली, आणि तुमचा रोख अशाच कचेऱ्यांवर असणार. पण आता मीच सांगते, तळाचा विषय घे.

एक फाइल मला अजून आठवते. गाड्या दुरुस्त करणारा एक तरुण स्वतःचं गॅरेज काढायला निघाला होता. पहिल्या खेपेला नकाशावर सही नव्हती. दुसऱ्या खेपेला सही होती, पण ना-हरकत प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तिसऱ्यांदा ते नवं आणलं, तोवर अर्जाचा नमुना बदलला होता. चौथ्यांदा साहेब दौऱ्यावर. पाचव्यांदा तो आलाच नाही. काही महिन्यांनी फाइलवर शेरा पडला: 'अर्जदाराने पूर्तता न केल्याने प्रकरण निकाली.' अक्षर माझं होतं. वर्षाच्या अहवालात ते प्रकरण निकाली निघालेल्यांत मोजलं गेलं, म्हणजे आमच्या कामाच्या खात्यावर जमा झालं. पैशांसाठी त्याला कोणी अडवलं नव्हतं, कोणी वाईटही वागलं नव्हतं. प्रत्येक त्रुटी नियमाला धरून होती. तरी गॅरेज उभं राहिलं नाही, आणि तिथे कामाला लागली असती ती दोन-चार पोरं कोण, हे कुणालाच कधी कळणार नाही.

तुझ्या क्षेत्रात हे मोजून दाखवणारी माणसं झाली आहेत. पेरूमध्ये अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या संस्थेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राजधानी लिमात एक छोटा शिवणकामाचा कारखाना सगळे नियम पाळून नोंदवून पाहिला. २८९ दिवस लागले. दहा वेळा लाच मागितली गेली, आणि दोनदा ती दिल्याशिवाय काम पुढे सरकेना. मला यातली युक्ती फार आवडली. कायदा वाचून मत मांडण्यापेक्षा ते स्वतः रांगेत उभे राहिले आणि दिवस मोजले. कायद्याच्या पुस्तकात २८९ हा आकडा कुठेच सापडला नसता.

तुला वाटेल, हा गरीब देशांचा प्रश्न. तसं नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकात वीसातल्या एका कामगाराला आपलं काम करायला सरकारी परवाना लागायचा, आज पाचातल्या एकाहून जास्त लोकांना लागतो. डॉक्टरांचं समजू शकते. पण लुइझियाना राज्यात फुलांची दुकानदारी करायला परीक्षा द्यावी लागे, आणि त्यातला पुष्परचना करून दाखवण्याचा भाग २०१० साली काढला गेला. अशी परीक्षा टिकते कशी, हे शोध. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना नवा माणूस आत यायला नको असतो. ते मोजके असतात, संघटित असतात, सुनावणीला हजर राहतात. गिऱ्हाईकाला चार पैसे जास्त पडतात, पण त्यासाठी कोणी काम बुडवून सुनावणीला जात नाही. आमच्याकडेही नियम कडक करा म्हणून निवेदनं यायची ती बहुतेक जुन्या परवानाधारकांचीच. तेव्हा मला वाटायचं, किती जागरूक नागरिक आहेत!

अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांच्याविषयी जरूर वाच. अमेरिकेत कोणत्या विमान कंपनीने कोणत्या मार्गावर किती भाड्याने उडायचं, हे १९३८ पासून एक सरकारी मंडळ ठरवायचं. १९७७ मध्ये कान त्याचे अध्यक्ष झाले आणि मंडळाचे अधिकार काढून घेण्याच्याच मागे लागले. १९७८ साली कायदा झाला, १९८५ उजाडताना मंडळ बंद झालं. लहान गावांची विमानं बंद पडतील ही भीती खरी होती, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं अनुदान ठेवावं लागलं. तेही तुझ्या वहीत असू दे. आपल्याच खुर्चीची गरज उरलेली नाही, असं खुर्चीत बसून म्हणणारा माणूस मी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही. मीही म्हटलं नाही.

बाकीचे विषय कमी मोलाचे आहेत असं नाही. पर्यावरण यादीत पाहून मला आश्चर्य वाटलं होतं, पण गंधकाच्या धुरावर अमेरिकेने १९९०च्या कायद्याने मर्यादा घालून धूर सोडण्याचे हक्क विकण्या-विकत घेण्याची मुभा दिली, हे वाचल्यावर उलगडलं. शाळांच्या बाबतीत स्वीडनने १९९२ मध्ये मुलामागचा सरकारी पैसा पालक निवडतील त्या शाळेकडे वळवला, त्यावर अजून वाद चालू आहे. या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. खिडकीबाहेरच्या माणसाचे दिवस मोजायला मात्र फारसं कोणी बसत नाही. काम रटाळ आहे.

आता जे बोलायचंय ते जरा मनावर घे. त्रुटी काढणारा प्रत्येक कारकून अडवणूकच करतो असं समजू नकोस. १९६० साली थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीचा अर्ज अमेरिकेच्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आला. कंपनी घाई करत होती आणि त्या पुन्हापुन्हा जास्तीची माहिती मागत राहिल्या. अमेरिकेत तिला परवानगी मिळालीच नाही; युरोपात गरोदरपणी घेतलेल्या त्या गोळीमुळे हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. केल्सींच्या फाइलवरची दिरंगाई कुठल्या रकान्यात घालशील? तुमच्या संस्थेकडे याचं प्रामाणिक उत्तर हवं, आणि नसेल तर तू विचारत राहा. गॅरेजचा नकाशा आणि औषधाची चाचणी यांना एकाच मापाने मोजलंस तर माझ्यासारखी कुठलीही बाई तुझा अहवाल वाचून म्हणेल, हा पोरगा कधी खिडकीच्या आत बसलेला नाही.

आणि आकडे सांभाळ. देशोदेशी उद्योग सुरू करणं किती सोपं, याचा जागतिक बँकेचा अहवाल २००३ पासून निघायचा. त्याच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं चौकशीत निघालं आणि २०२१ मध्ये बँकेने तो बंदच केला. क्रमवारीत वर चढण्याची देशांना एवढी हौस होती, की मोजमापावरच दबाव आला. तुमच्या संस्थेला देणगी देणाऱ्यांना कोणतं उत्तर आवडेल, हे तुला पहिल्या महिन्यातच कळेल. ज्या दिवशी उत्तर त्यांना न आवडणारं निघेल, त्या दिवशीचा कच्चा तक्ता जपून ठेव.

विषय पक्का झाला की प्रश्नावली करशील. ती करण्याआधी सुट्टीत घरी ये आणि पहिली मुलाखत माझी घे. कोणत्या टेबलावर किती दिवस जात, कोणती त्रुटी खरी होती आणि कोणती आम्ही शुक्रवारी दुपारी काम पुढे ढकलायला काढायचो, सगळं सांगेन. काही लपवणार नाही. उत्तरांत माझं नाव घालायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
आई