मित्रास पत्र: शेक्सपिअरच्या बागेतले लग्न

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
20 जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोहोचले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तुला आणि वहिनींना लग्नाला येता आले नाही, याची रुखरुख आम्हा सर्वांनाच लागून राहिली आहे. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, तिकडे देवळे आहेत, सभागृहे आहेत, मग धाकटीचे लग्न एका इंग्रज नाटककाराच्या नावाच्या बागेत का लावलेत? प्रश्न तू आपलेपणाने विचारला आहेस, म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो.

ही बाग सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि कवितांत ज्या झाडाफुलांचे उल्लेख येतात, ती तिथे लावलेली आहेत. 1916 साली त्याच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली. त्या सुमारास अमेरिकेत अशा बागा करण्याची लाटच आली आणि क्लीव्हलंड, न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. इथली बाग 1928 सालची आहे. लोखंडी फाटकातून आत गेले की विटांची पायवाट लागते, दोन्ही बाजूंना रानसफरचंदाची झाडे, पुढे एक सूर्यघड्याळ आणि टोकाला विटांची भिंत. भिंतीवर फुलांविषयीची वचने लिहिलेल्या पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि शेक्सपिअरच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधल्या त्याच्या अर्धपुतळ्याची एक प्रत तिथेच दारे लावून कुलपात जपली आहे. उद्यान खात्याकडे पैसे भरून काही तासांसाठी ही जागा लग्नकार्याला मिळते. एरवी ती सर्वांना खुली असते.

मुलीने ही जागा सुचवली तेव्हा मी फारसा उत्साही नव्हतो, हे तुला मोकळेपणाने सांगतो. मग एका दुपारी मी एकटाच तिथे गेलो आणि रोझमेरीच्या झुडपापाशी थांबलो. सुईसारखी बारीक, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी अशी तिची पाने असतात. दोन बोटांत चुरडली की वास कितीतरी वेळ हाताला राहतो. ‘हॅम्लेट’मध्ये वेडावलेली ऑफिलिया फुले वाटताना हीच डहाळी पुढे करते आणि ही आठवणीसाठी आहे, असे म्हणते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तर ज्या घरात लग्नाची तयारी चालली आहे, तिथेच ज्युलिएट मेली असे सगळे समजतात आणि तिच्या देहावर रोझमेरी वाहायला सांगितले जाते. त्या काळी इंग्लंडात ही वनस्पती लग्नातही असे आणि प्रेतयात्रेतही. लग्नाला आलेल्यांना तिच्या डहाळ्या सुवासिक पाण्यात बुडवून, फितीने बांधून देत असत.

पुढे हे सारे वाचताना मला आपल्या अंगणातले वृंदावन आठवले. कार्तिकात जिचे लग्न लावायचे, तिचेच पान शेवटच्या घटकेला माणसाच्या मुखात ठेवायचे, ही रीत आपण लहानपणापासून पाहिली आणि त्यात कधी विसंगती वाटली नाही. तू वनस्पतिशास्त्र शिकवलेस, त्यामुळे तुला सांगायला नकोच की रोझमेरी आणि तुळस या एकाच कुळातल्या आहेत. मला मात्र हे इतक्या उशिरा कळले, आणि ते कळल्यावर ती बाग परकी वाटेनाशी झाली.

लग्न शनिवारी सकाळी लागले. होम आदल्या दिवशी घरी झाला होता. जूनमध्येही इथे समुद्रावरून धुके येते, तसे ते त्या दिवशी झाडांच्या शेंड्यांवर उतरले होते आणि पैठण्यांवर सगळ्या बायकांनी शाली पांघरल्या होत्या. रानसफरचंदाचा बहर वसंतातच सरून गेलेला, फांद्यांवर बोरांएवढी हिरवी फळे धरली होती. त्या पायवाटेवरून मामा मुलीला घेऊन आला. अंतरपाट वाऱ्याने इतका फडफडत होता की दोघांना तो दोन्ही हातांनी ताणून धरावा लागला. बागेत तांदूळ सांडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपल्या अक्षता आईच्या पितळी परातीत वाहिल्या, आणि प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी शंभर हात त्या परातीकडे वळताना पाहून मला फार बरे वाटले. मुंडावळ्यांत मुलीने रोझमेरीची एकेक डहाळी गुंफली होती, आणि ताटात तुळशीची पाने होती. फाटकाबाहेर फिरायला आलेली चार अनोळखी माणसे शेवटपर्यंत हात जोडून उभी होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलीने या मुलाचे नाव घरात काढले, तेव्हा मी कडाडून विरोध केला होता. चार महिने मी तिच्याशी नीट बोललो नाही. हे तुलाही मी कळवले नव्हते. पुढे त्या बागेच्या निमित्ताने मी ‘द विंटर्स टेल’ वाचायला घेतले. त्यात वेष पालटून आलेला राजा पॉलिक्सेनीज एका धनगराच्या घरी वाढलेल्या पर्डिटाला कलमाचे महत्त्व समजावतो. रानटी खुंटावर आपण चांगल्या जातीची काडी लावतो, तेव्हा आपण त्यांचे लग्नच लावत असतो आणि ही कलाही निसर्गाचीच आहे, असे तो म्हणतो. आणि थोड्याच वेळात, आपला मुलगा त्याच मुलीशी लग्न करतो आहे हे पाहून तोच राजा संतापाने बेभान होतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटले आणि मुलीला फोन केला.

त्या क्षणी मला तुझी बाग दिसत होती. रायवळच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवून पट्टी गुंडाळणारे तुझे हात मी किती पावसाळे पाहिले आहेत! तू मला भेटकलमही समजावले होतेस: दोन्ही झाडे आपापल्या मुळांवर उभी असतानाच त्यांच्या फांद्या शेजारी आणून बांधायच्या, आणि जीव एकजीव झाल्याशिवाय कोणालाही मुळापासून तोडायचे नाही. मी ते तेव्हा नुसते ऐकले होते.

जावयाला हे सारे मी सांगितले आहे. तो फार बोलत नाही, पण लक्ष देऊन ऐकतो. पुढच्या वर्षी पावसाळ्यात दोघेही रत्नागिरीला येणार आहेत आणि कोयकलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावरचे ते कलम, कसे बांधतात हे त्याला तुझ्याकडून शिकायचे आहे. तेव्हाच्या कोयी रुजत घालशील तेव्हा दोन त्याच्या नावाने बाजूला ठेव. पहिले कलम त्याचे जगले नाही, तर दुसरे बांधू दे.

वहिनींना सा. न., मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचे काय ते सविस्तर कळव.

तुझा स्नेही