सुरळीच्या शिवणीविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेशीतल्या नलिका आणि आमच्या कार्बनच्या नलिका यांच्यात नावापलीकडे काही साम्य आहे का, असे तू मागच्या पत्राच्या शेवटी विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण पहिले उत्तर मी फाडून टाकले. ‘दोन्ही पोकळ आहेत’ यापुढे ते जातच नव्हते.

नाव तर तुम्हीच आमच्याकडून उचललेत. सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या ज्या शोधनिबंधाने तुमचे क्षेत्र गजबजले, त्याच्या शीर्षकात ‘नॅनोट्यूब’ हा शब्द नसून ग्राफाइटी कार्बनच्या सर्पिल ‘मायक्रोट्यूब्यूल’ (सूक्ष्मनलिका) असा उल्लेख आहे. जीवशास्त्रात तो शब्द १९६३ पासून रुळलेला होता. त्या वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींत या सूक्ष्मनलिका दाखवल्या, आणि त्या दिसल्या त्या पेशी आहे तशी टिकवून धरणाऱ्या ग्लुटराल्डिहाइड या रसायनामुळे. त्याआधी पेशी थंड ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये स्थिर करण्याची पद्धत होती आणि तिच्यात बहुतेक नलिका सूक्ष्मदर्शकाखाली पोहोचण्यापूर्वीच विरघळून जात. थंडीचा हा गुण मीही विद्यार्थिदशेत अनुभवला आहे: प्रथिन म्हटले की बर्फ, या सवयीने मी तयार नलिकांची कुपी रात्रभर बर्फात ठेवली आणि सकाळी तिच्यात एकही नलिका उरली नव्हती. हजारो अंशांच्या विद्युत-ज्वालेत जन्मणाऱ्या तुझ्या नलिकांना हे हास्यास्पद वाटेल.

पण तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला सुरळीत सापडले. तुझी एकपदरी नलिका म्हणजे ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड, पटाची सुरळी, आणि सुरळी कोणत्या कलाने वळली हे सांगणारे दोन पूर्णांक तू मला एकदा कागदावर मांडून दाखवले होतेस. त्यांच्या फरकाला ३ ने पूर्ण भाग गेला तर नलिका धातूसारखी वीज वाहते, नाहीतर ती अर्धवाहक ठरते. हे भाकीत १९९२ चे, आणि त्याचा प्रत्यक्ष पडताळा १९९८ चा. पदार्थ तोच, बंध तेच. केवळ कडा कोणत्या जागी जुळल्या यावर गुण पालटतो, ही गोष्ट मला आजही थोडी जादूची वाटते.

आता माझी सुरळी पाहा. ती ज्या प्रथिनाची बनते त्या ट्युब्युलिनचे अल्फा आणि बीटा हे दोन घटक मिळून ८ नॅनोमीटर लांबीची एक जोडी होते, जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो आणि साधारणपणे असे १३ धागे शेजारी-शेजारी उभे राहून २५ नॅनोमीटर जाडीची नलिका बनते. प्रत्येक धागा शेजारच्यापेक्षा किंचित वर सरकलेला असतो, त्यामुळे पूर्ण फेरा होईपर्यंत एकूण सरक १२ नॅनोमीटर, म्हणजे दीड जोडी, इतकी भरते. या अर्ध्या जोडीमुळेच घोटाळा होतो. इतर सगळीकडे अल्फाशेजारी अल्फा आणि बीटाशेजारी बीटा येतो, पण जिथे कडा मिळतात तिथे अल्फाला बीटा भिडतो, आणि नलिकेच्या अंगावर लांबच्या लांब एक शिवण राहते.

धागे १३ असले की ते नलिकेच्या अक्षाला समांतर, सरळ राहतात. परीक्षानळीत, पेशीबाहेर, नलिका आपोआप बनू दिल्या तर १२ किंवा १४ धाग्यांच्याही निघतात. त्यांतले धागे हलका पीळ घेतात, आणि धागा धरून ८-८ नॅनोमीटरची पावले टाकणारे कायनेसिन हे वाहक प्रथिन अशा नलिकेभोवती गरगरत पुढे जाते. म्हणजे इथेही कडा कशा जुळल्या यावर गुण ठरतो, फक्त तुझ्याकडे वीज वाहते आणि माझ्याकडे माल.

साम्य इथे संपते, आणि मला वाटते की खरी शिकण्याजोगी गोष्ट इथूनच सुरू होते. तुमच्या भट्टीतून धातूसारख्या आणि अर्धवाहक नलिकांची सरमिसळ बाहेर पडते आणि मग ती निवडत बसण्यात तुमची वर्षे जातात. पेशी निवडत बसत नाही. तिच्याजवळ गॅमा-ट्युब्युलिन या ट्युब्युलिनच्याच भावंडाचे कडे असते, त्या साच्यावरच पहिली फेरी रचली जाते आणि धाग्यांची संख्या १३ वर बांधली जाते. हॅलोसाइट नावाच्या मातीला तर साचाही लागत नाही: तिच्या पटातला सिलिकाचा थर आणि अ‍ॅल्युमिनाचा थर मापाने एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून पट स्वतःच वळतो आणि सिलिका बाहेर, अ‍ॅल्युमिना आत अशी नळी होते. पण साच्याअभावी तिच्या नळ्या कमी-जास्त जाडीच्या निघतात, आणि औषध भरून ते हळूहळू सोडण्यासारख्या कामाला तेवढे चालते.

एक फरक मात्र झाकून ठेवत नाही. तुझी नलिका टिकते म्हणून मोलाची, माझी मोडते म्हणून. मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवले की एकाच द्रावणात काही नलिका वाढत असतात, तर काही त्याच वेळी झपाट्याने कोसळत असतात. टोकाशी जीटीपी हा ऊर्जावाहक रेणू बांधलेल्या जोड्यांचे टोपण शाबूत आहे तोवर वाढ, ते गेले की पडझड. टॅक्सॉल हे कर्करोगावरील औषध ही पडझडच थांबवते, आणि नलिका पक्की झाल्यामुळेच विभागू पाहणारी पेशी अडकून पडते.

तुझी नलिका ज्यावर वाढते तो उत्प्रेरकाचा कण साच्यासारखा वागून एकाच कलाची नलिका वाढवू शकेल का, हे मला तुझ्याकडून ऐकायचे आहे. कणाचा आकार तापमानाबरोबर बदलतो असे तू म्हणाला होतास. मग तो साचा म्हणून टिकतो तरी किती वेळ, तेवढे सविस्तर लिही.

तुझा मित्र