दळणाच्या डब्यातून पोचलेलं नाटक

गिरणीवाल्या काकूंना सप्रेम नमस्कार.

नाटक झालं, हॉल रिकामा करून दिला, भाड्याच्या खुर्च्याही परत गेल्या. आता खरं तर गिरणीवर येऊन तुम्हाला दोन शब्द सांगायला हवेत. पण तिथं तुम्ही मला बोलू देणार नाही. "आभार कसले, डबा ठेवा नि जावा," म्हणाल. म्हणून हे चारचौघांत.

आपली सांगली नाटकवाल्यांची पंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं पहिला खेळ केला, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. पलीकडं हरिपुरात 'शारदा' नाटकवाले गो. ब. देवल. ही दोन नावं घेतल्याशिवाय इथलं एक भाषण पुरं होत नाही. भाव्यांचं पुढचं काय झालं ते मात्र भाषणात सहसा येत नाही. १८५१ मध्ये सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन गेले, दरबारचा आधार तुटला, आणि हा माणूस मंडळी घेऊन गावोगाव हिंडला. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केला. माणसं जमवायची वणवण पहिल्या नाटकवाल्यालाही चुकली नाही, तर आम्ही कोण? नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करणारे हौशी लोक.

तरीही राग यायचा तो आलाच. एका वजनदार रसिकांकडं गेलो. त्यांनी हँडबिल हातात न घेताच विचारलं, "मालिकेतलं कोण आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चहासुद्धा आला नाही. दुसऱ्या एकांनी मदतीची तयारी दाखवली, पण फ्लेक्सवर त्यांचा फोटो हवा होता, तोही नाटकाच्या नावापेक्षा मोठा. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकली तर अंगठे भरपूर आले आणि त्याखाली एकच प्रश्न, "पास आहेत का?" शंभर रुपयांचं तिकीट. तेवढ्यात हल्ली दोघांची भेळ होत नाही, पण नाटक म्हटलं की पास.

या सगळ्या फिरण्यात एक गोष्ट कुणीच विचारली नव्हती, नाटक कशावर आहे ते.

तुमच्याकडं आलो ते भिंतीवर पोस्टर चिकटवायची परवानगी मागायला. गिरणी चालू होती, आवाजात तुम्हाला काही ऐकू येईना. मी हातवारे करत होतो. मला वाटलं, नेहमीसारखं 'लावा कुठंतरी' अशी मान हलवाल. तुम्ही हातातलं दळण संपू दिलंत, पुढचा डबा ओतायला उचललेला तसाच खाली ठेवलात आणि बटण बंद केलंत. पट्टा थांबेपर्यंत थांबलात. बाहेर चार-पाच डबे रांगेत, एक आजोबा आधीच कुरकुरत होते. त्यांना म्हणालात, "थांबा की जरा, पोरगं काय सांगतंय ऐकू द्या." आणि मला, "हं, बोला आता. काय हाय नाटकात?"

काकू, तालमीत मी या नाटकाबद्दल तासन्तास बोललो असेन, पण त्या क्षणी मला दोन वाक्यं धड जुळवता येईनात. कुणी असं आपल्यासाठी चालतं काम थांबवून समोर उभं राहील याची सवयच राहिली नव्हती. कसंबसं सांगितलं की पूर ओसरल्यावर दोन जावा घर धुवायला परत येतात, वर्षानुवर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत, आणि चिखल काढता काढता बोलायला लागतात. तुम्ही भिंतीकडं बोट केलंत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं, हे आम्ही संहितेत लिहिलंच होतं. तुमच्याकडं फूट नव्हते. तुमचा हात खांद्याच्या वर जाऊन थांबला. मोटर पाण्यात, लोकांची दळणं पाण्यात. मग विचारलंत, "पाणी गेल्यावर जो वास येतोय, तो हाय का नाटकात?"

नव्हता. त्याच रात्री घातला. थोरली जाऊ कपाट उघडते आणि नाकाला पदर लावून मागं सरते, तिथं सभागृहात जी चुळबूळ झाली ती तुमची.

तुमच्याकडं ठेवलेल्या हँडबिलांचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांना सांगतो. पैसे वाचवायला आम्ही हँडबिलं एकाच बाजूनं छापली होती. काकूंनी कोऱ्या बाजूला डब्यांच्या चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. 'दुसरा मजला, गहू, बारीक.' 'शाळू, पाच किलो, संध्याकाळी.' चिठ्ठी डब्यात, डबा घरात. जिन्यात पडलेला कागद कुणी उचलत नाही, पेपरातून निसटलेला तर केरातच जातो. दळणाची चिठ्ठी मात्र ज्याची त्याला नीट बघावी लागते, नाहीतर शेजाऱ्याचं पीठ आपल्या घरी. वर प्रत्येकीला तोंडी निरोप होताच: "दळण सहाला न्या, नाटक शनिवारी हाय." असली जाहिरात पुण्यामुंबईच्या निर्मात्याला पैसे टाकूनही मिळायची नाही.

शनिवारी खुर्च्या संपल्या, पुढं सतरंज्या घालाव्या लागल्या. दारात तिकिटं फाडणाऱ्या आमच्या पोराच्या हाताला नोटांवरचं पीठ लागत होतं, असं तो शपथेवर सांगतो. त्याला थोडं वाढवून सांगायची सवय आहे, तरी मी ते मान्य केलंय. तुमच्यासाठी पहिल्या रांगेतला पास काढून ठेवला होता. तुम्ही तो परत केलात, दोन तिकिटं घेतलीत आणि मागं बसलात.

मनात आणलं तर माणसाला फार काही करावं लागत नाही, एवढं मला या महिन्यात दिसलं. झेरॉक्सवाल्यानं कापायचे पैसे घेतले नाहीत. शाळेच्या शिपाईमामांनी प्रयोग संपल्यावर दिवे घालवायची घाई केली नाही, लोक बोलत उभे होते तर तेही किल्ल्या खिशात घालून त्यांच्यात उभे राहिले. यांतल्या कुणाचं नाव फ्लेक्सवर नव्हतं, कुणी मागितलंही नाही. ज्यांनी मागितलं होतं, त्यांच्यातलं कुणी प्रयोगाला आलं नाही. हे खोचक वाटेल तर वाटू दे.

आणि हो, धाकटी जाऊ ओलं धान्य सुपात भरताना बघून जाताना तुम्ही म्हणालात ते सगळ्यांना सांगितलंय: "भिजल्यालं धान्य सुपात येत न्हाई, फावड्यानं काढावं लागतंय." धाकट्या जावेचं काम करणारी मुलगी आधी रुसली, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच घरून फावडं घेऊन आली. सूप परत केलंय.

पुढचा प्रयोग मिरजेत करायचा विचार आहे. तिकडं तुमच्या ओळखीची एखादी गिरणी असली तर कळवा. हँडबिलं या वेळीही एकाच बाजूनं छापतोय.

तुमचा,
सहाला दळण न्यायला विसरणारा नाटकवाला